मत्स्यनेत्री भिंग आणि एक काठी : बारवेचे सर्वदर्शी चित्रण

साताऱ्यापासून जवळच, लिंब गावच्या शिवारात, अठराव्या शतकातील एक भव्य विहीर आहे. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, इ. स. १७१९ ते १७२४ या काळात, वीरूबाई भोसले यांनी ती बांधविली. विहिरीचा आकार अष्टकोनी असून खोली सुमारे ११० फूट व व्यास सुमारे ५० फूट आहे. एका वेळी बारा मोटा चालत म्हणून तिला 'बारा मोटांची विहीर' हे नाव पडले. पायऱ्या उतरून कमानीखालून आत गेले म्हणजे अंधाऱ्या वाटेनंतर एकदम उजेड येतो आणि पाहणारा विहिरीच्या पोटाशी येऊन उभा राहतो. खाली पाणी, भोवती घडीव दगडांच्या भिंती, वर आकाशाचा तुकडा आणि मागे, ज्या वाटेने तो आला त्या वाटेच्या माथ्यावर, कोरीव खांबांचा छोटेखानी महाल.

अशा वास्तूचे छायाचित्र काढावयास गेलेल्या माणसाची नेहमीच पंचाईत होते. समोरची भिंत घ्यावी तर पाणी सुटते, पाणी घ्यावे तर आकाश सुटते, आणि पाठीमागचा महाल तर कोणत्याच चित्रात सापडत नाही. दहा-वीस चित्रे काढली तरी ती नंतर पाहणाऱ्याला कोणती भिंत कोणत्या भिंतीला लागून आहे हे उमगत नाही. कॅमेरा ही एक चौकोनी खिडकी आहे. आणि विहीर ही खिडकीतून पाहावयाची वस्तू नव्हे, तिच्या आत उभे राहावे लागते.

ही अडचण केवळ हौशी छायाचित्रकाराची नाही. गावोगावच्या बारवा, जुनी देवळे, वाडे आणि वेशी यांची दुरुस्ती निघते तेव्हा कामाच्या कागदपत्रांना 'कामापूर्वीचे' म्हणून एखादे छायाचित्र जोडलेले असते. त्यात बहुधा वास्तूपेक्षा वास्तूसमोर उभी असलेली मंडळीच अधिक ठळक दिसतात. पुढे सिमेंटचा गिलावा चढतो, तैलरंग लागतो, फरशी बसते. आणि गिलाव्याखाली कोणता दगड होता, कोनाडा होता की नव्हता, शिलालेख कोणत्या थरावर होता, याचा निर्णय केवळ म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीवर सोपवावा लागतो. काम सुरू होण्यापूर्वी त्या जागेचे एकही अंग न वगळता चित्रण करून ठेवण्याची रीत आज उपलब्ध आहे. ती फार खर्चाची नाही. तिला एक कॅमेरा, एक मत्स्यनेत्री भिंग, एक काठी आणि थोडी भूमिती लागते.

सर्वदर्शी चित्र म्हणजे काय?

एका जागी उभ्या असलेल्या माणसाभोवती काचेचा एक पोकळ गोल आहे आणि त्याला जे जे दिसते ते त्या गोलाच्या आतील बाजूवर जसेच्या तसे उमटले आहे, अशी कल्पना करावी. चारी दिशा, माथ्यावरचे खस्वस्तिक आणि पायाखालचे अधःस्वस्तिक, सर्व काही त्यात आले. हेच गोलाकार सर्वदर्शी चित्र, म्हणजेच आजच्या व्यवहारातील 'पॅनोरमा'. संगणकाच्या किंवा दूरध्वनीच्या पडद्यावर ते उघडले म्हणजे पाहणाऱ्याला हवे तिकडे वळून पाहता येते.

हा गोल सपाट करावयाचा तर जगाच्या नकाशाचीच युक्ती उपयोगी पडते. रुंदीवर ३६० अंश मांडावयाचे व उंचीवर १८० अंश. म्हणून अशा चित्राची रुंदी उंचीच्या नेमकी दुप्पट असते. रेखांश व अक्षांश सरळ चौकटीत मांडण्याची ही पद्धत इ. स. १०० च्या सुमारास होऊन गेलेल्या टायरच्या मरिनसच्या नावावर टॉलेमीने नोंदविली आहे. नकाशात ध्रुवाचा एक बिंदू जसा संपूर्ण वरच्या कडेएवढा ताणला जातो, तसाच सर्वदर्शी चित्रात डोक्यावरचा आकाशाचा ठिपका वरच्या कडेवर पसरतो. प्रथम पाहणारा गोंधळतो. पण भूगोलाच्या शिक्षकाला हे समजावून देण्यास पाच मिनिटे पुरतात.

चौफेर दृश्य दाखविण्याची हौस कॅमेऱ्याहून जुनी आहे. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ साली या कल्पनेचे पेटंट घेतले आणि १७९३ साली लंडनच्या लेस्टर चौकात खास गोल इमारत उभारून तीत चौफेर रंगविलेली दृश्ये लोकांना दाखविली. संगणकावरील सर्वदर्शी चित्रे १९९५ च्या सुमारास ॲपल कंपनीच्या कार्यप्रणालीमुळे प्रचारात आली. १९९८ साली हेल्मुट डेर्श या जर्मन प्राध्यापकाने चित्रे जोडण्याची साधने विनामूल्य उपलब्ध करून दिली. आज 'ह्युगिन' या नावाने मिळणारी विनामूल्य कार्यप्रणाली त्याच पायावर उभी आहे.

माशाच्या डोळ्याची गोष्ट

साध्या भिंगाने हा गोल टिपता येणार नाही काय? येईल, पण ५० मिलिमीटरच्या नेहमीच्या भिंगाने साठ ते ऐंशी चित्रे घ्यावी लागतील. याचे कारण भिंगाच्या गणितात आहे. साध्या भिंगात एखाद्या वस्तूचे चित्रमध्यापासूनचे अंतर हे नाभीय अंतर गुणिले त्या वस्तूच्या कोनाचा टॅन इतके असते. ४५ अंशांचा टॅन १ आहे, ८० अंशांचा ५.६७ आणि ९० अंशांचा अनंत. म्हणजे बरोबर बाजूला असलेली वस्तू टिपण्यासाठी साध्या भिंगाला अनंत रुंदीचा पडदा लागेल. सरळ रेषा सरळच दाखविण्याच्या हट्टाची ही किंमत आहे.

मत्स्यनेत्री भिंग, ज्याला छायाचित्रकार 'फिशआय' म्हणतात, हा हट्ट सोडते. त्याच्या एका प्रकारात चित्रमध्यापासूनचे अंतर थेट कोनाच्याच प्रमाणात वाढते. ८ मिलिमीटरच्या अशा भिंगात ९० अंशांवरची वस्तू मध्यापासून साडेबारा मिलिमीटरवर येऊन बसते. सरळ खांब चित्रात वाकतात हे खरे. पण ते ठरलेल्या नियमाने वाकतात, आणि नियम ठाऊक असला की संगणक ते पुन्हा सरळ करू शकतो.

हे नाव रॉबर्ट वुड या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने १९०६ साली रूढ केले. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला पाण्यावरचे सारे जग, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत, डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या गोल झरोक्यात दिसते, कारण पाण्यात शिरताना प्रकाशकिरण आत वळतात. वुडने पाणी भरलेल्या पात्राच्या तळाशी छायाचित्रणाची काच ठेवून हेच दृश्य टिपले. कूपमंडूक हा शब्द आपण संकुचित दृष्टीच्या माणसासाठी वापरतो. पण भरल्या विहिरीत बुडी मारून वर पाहणाऱ्या बेडकाला काठावरच्या माणसापेक्षा आकाश कमी दिसते असे भौतिकशास्त्र तरी म्हणत नाही. पुढे १९२४ साली रॉबिन हिल यांनी संपूर्ण आकाशातील ढग एकाच काचेवर टिपणारे भिंग तयार केले आणि वेधशाळांना त्याचा उपयोग झाला. साध्या छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यावर बसणारी अशी भिंगे १९६० नंतरच बाजारात आली.

काठीच का?

तीन पायांची घोडी अधिक स्थिर असते याविषयी वाद नाही. मोकळ्या अंगणात, वेळ हाताशी असेल तर, घोडीच वापरावी. परंतु बारवेच्या पायऱ्या अरुंद असतात, त्यांवर तीन पाय पसरण्यास जागा मिळत नाही. देवळाच्या गाभाऱ्यासमोर वाट अडते. किल्ल्यावर ओझे वाहून न्यावे लागते. आणि खाली पाहणाऱ्या मत्स्यनेत्री भिंगात घोडीचे तिन्ही पाय ठसठशीत येतात. केंद्रसंरक्षित स्मारकांच्या आवारात छायाचित्रणास २०१८ पासून सर्वसाधारण मुभा देण्यात आली. तीतून अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातील कबरीची वास्तू एवढी स्थळे वगळण्यात आली. घोडी लावण्यास मात्र परवानगी घ्यावी लागते. काठीलाही तेथील अधिकारी आधार समजू शकतात. म्हणून जाण्यापूर्वी विचारून घेणे श्रेयस्कर.

एक पायाची काठी, म्हणजे मोनोपॉड, पायरीवर विटेएवढ्या जागेत उभी राहते. तिचे उरलेले दोन पाय म्हणजे चित्रकाराचे स्वतःचे पाय होत. ती लांबवून कॅमेरा डोक्याच्या वर, कठड्याच्याही वर नेता येतो. दोष एकच : ती डुलते. आणि या कामात डुलण्याचा जो परिणाम होतो तो चित्र हलल्यासारखे अस्पष्ट येणे एवढाच नाही. त्याहून मोठी हानी जोडणीच्या वेळी उघडकीस येते.

फिरण्याचा बिंदू

हात लांब करून अंगठा धरावा आणि एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटून पाहावे. अंगठा मागील भिंतीवर इकडून तिकडे सरकलेला दिसतो. डोळ्याची जागा बदलली की जवळच्या व दूरच्या वस्तूंचे परस्परस्थान बदलते. विज्ञानात याला पराशय म्हणतात. सर्वदर्शी चित्रासाठी कॅमेरा चार दिशांना वळवून चार चित्रे घेतात व ती कडांवर जोडतात. वळविताना कॅमेऱ्याचा 'डोळा' जर जागचा हलला, तर एका चित्रात खांबाच्या डावीकडे असलेला कोनाडा दुसऱ्या चित्रात खांबाआड जातो. मग संगणकाने कोणते खरे मानावे? तो काहीतरी मधले काढतो, आणि खांब तुटका किंवा दुहेरी दिसतो.

कॅमेऱ्याचा हा डोळा म्हणजे भिंगातून समोरून पाहिल्यावर आत दिसणारे छिद्राचे प्रतिबिंब होय. काठी कॅमेऱ्याच्या तळातील मळसूत्राला जोडली तर हा बिंदू काठीच्या अक्षापासून काही सेंटिमीटर पुढे राहतो. तो पाच सेंटिमीटर पुढे आहे असे धरू. कॅमेरा ९० अंशांतून वळविला की तो सुमारे सात सेंटिमीटर सरकतो. एक मीटरवरच्या खांबाच्या बाबतीत ही चूक ४ अंशांची होते. दहा मीटरवरच्या भिंतीच्या बाबतीत ०.४ अंशाची, शंभर मीटरवरच्या झाडाच्या बाबतीत ०.०४ अंशाची. चित्राची रुंदी ८,००० चित्रबिंदू असेल तर एका अंशाला सुमारे २२ चित्रबिंदू येतात. म्हणजे खांब ८९ चित्रबिंदूंनी तुटेल, भिंत नऊंनी, झाड मात्र एका चित्रबिंदूनेही नाही. डोंगरमाथ्यावरून कसेही फिरविलेले चित्र सुबक जुळते आणि तोच चित्रकार देवळाच्या मंडपात हरतो, याचे कारण एवढेच आहे.

म्हणून काठीच्या टोकाला एक आडवी पट्टी बसवावी लागते, तीवर कॅमेरा मागे सरकवून डोळा नेमका काठीच्या अक्षावर आणता येतो. भिंगाभोवती कडे बसवून तेच काठीला जोडण्याची तयार साधनेही मिळतात. बिंदू शोधण्याची रीत शाळेच्या व्हरांड्यात करता येईल इतकी सोपी आहे. जवळ, हातभर अंतरावर, एक दोरा टांगावा. दूर विजेचा खांब किंवा ध्वजस्तंभ निवडावा. दोन्ही एका रेषेत येतील असे उभे राहावे. कॅमेरा डावीकडे व उजवीकडे वळवून प्रत्येक वेळी चित्र घ्यावे. दोरा खांबावरून सरकला तर कॅमेरा पट्टीवर थोडा पुढे किंवा मागे घ्यावा व पुन्हा पाहावे. मत्स्यनेत्री भिंगात हा बिंदू पाहण्याच्या कोनानुसार किंचित बदलतो. चार चित्रे घ्यावयाची असल्यास जोड मध्यापासून ४५ अंशांवर पडतात. म्हणून चाचणीही दोरा ४५ अंशांवर येईल अशी वळवून करावी. सापडलेल्या जागी पट्टीवर खूण करून ठेवली की हे काम त्या कॅमेऱ्यापुरते कायमचे झाले.

राहिले काठीचे डुलणे. दीड मीटर उंचीची काठी एक अंशाने कलली तर वरचे टोक २.६ सेंटिमीटर सरकते. पाच अंशांनी कलली तर १३ सेंटिमीटर. पट्टीवर सारी मेहनत घेऊन कॅमेरा मिलिमीटरपर्यंत बसवावा आणि काठी पाच अंश कलू द्यावी, यात काही अर्थ नाही. काठीच्या वरच्या टोकाशी पाणसळीचा लहान बुडबुडा बसवावा आणि प्रत्येक चित्राच्या वेळी तो मध्ये आहे हे पाहूनच कळ दाबावी. काठी जमिनीवरच्या एका खुणेवरून उचलू नये. ती जागच्या जागी फिरवावी आणि चित्रकाराने तिच्याभोवती, कॅमेऱ्याच्या मागे राहून, पावले टाकावीत. दुसरी युक्ती गवंड्याच्या पिशवीत आहे. काठीच नसेल तर भिंगाच्या डोळ्याखाली ओळंबा सोडावा, त्याचे टोक जमिनीवरील खडूच्या खुणेवर टेकत राहील असा कॅमेरा हातात धरावा आणि वळावे. सवयीने या रीतीने एक-दोन सेंटिमीटरच्या आत राहता येते. गवंड्याला हे सांगितले तर त्याला नवल वाटणार नाही. भिंत उभी करताना तो दिवसभर हेच करीत असतो.

विहिरीत उतरल्यावर

प्रत्यक्ष कामाचा क्रम लिंबच्या विहिरीवरून सांगता येईल. निदान पाच जागा निवडाव्यात : पायऱ्यांच्या माथ्यावर, प्रवेशाच्या कमानीसमोर, आतल्या वाटेत, पाण्याकडे उघडणाऱ्या शेवटच्या टप्प्यावर आणि वर मोटांच्या थारोळ्यांजवळ. दोन लगतच्या जागा एकमेकींच्या चित्रांत दिसाव्यात, म्हणजे पाहणाऱ्याला एकीवरून दुसरीकडे जाता येते आणि वाट तुटत नाही. आतल्या वाटेत भिंती हाताशी असतात. तेथे पराशयाची चूक सर्वांत महाग पडते. म्हणून काठी वाटेच्या मधोमध ठेवावी, आणि जोड कोरीव कामावर न पडता सपाट दगडावर पडतील अशा बेताने पहिली दिशा धरावी.

दिवस शक्यतो हलक्या ढगांचा निवडावा. भर दुपारी विहिरीच्या एका अंगावर ऊन व दुसऱ्यावर गडद सावली असते, आणि मत्स्यनेत्री भिंगात सूर्य टाळता येत नाही. तो कोणत्या तरी चित्रात येतोच व भिंगावर त्याचे डाग उमटतात. ढगाळ दिवस मिळाला नाही तर ऊन आत शिरण्यापूर्वीची सकाळ बरी.

कॅमेऱ्याचे सर्व स्वयंचलित निर्णय बंद करावेत. एकदा ठरविलेले छिद्र, वेळ, संवेदनक्षमता आणि रंगांचा समतोल सर्व चित्रांना तोच हवा. अन्यथा एक भिंत पिवळी व शेजारची निळी अशी ठिगळे लागतात. छिद्र ८ आकड्यावर ठेवावे. ८ मिलिमीटरच्या भिंगाची नाभी सुमारे ४० सेंटिमीटरवर स्थिर केली तर २० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व काही स्पष्ट येते, म्हणून नाभी जुळविण्याचा चाळाही पुन्हा करावयाचा नाही. अंधाऱ्या वाटेत उजेडाचा फरक फार असतो. तेथे प्रत्येक दिशेला कमी, मध्यम व अधिक प्रकाशाची तीन चित्रे एकापाठोपाठ एक घेण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती वापरावी. झगमगाटी दिवा लावू नये. तो चार चित्रांत चार निरनिराळ्या सावल्या पाडतो.

कॅमेरा उभा धरून चार दिशांना चार चित्रे, मग एक वर आकाशाकडे, आणि काठी बाजूला घेऊन एक खाली जमिनीचे, अशी सहा चित्रे एका जागेस पुरतात. कडांवर दोन चित्रांचा सामाईक भाग कमी पडत असेल तर चारऐवजी सहा दिशा घ्याव्यात. दोन चित्रे अधिक काढण्यात जाणारा अर्धा मिनिट नंतर संगणकापुढचा अर्धा तास वाचवितो. चालता माणूस, हलती फांदी किंवा पाण्यावरची लाट जोडावर येऊ देऊ नये. ती एखाद्या चित्राच्या मध्यावर असेल तर काही बिघडत नाही. स्वतःच्या बुटांकडेही लक्ष असावे. या भिंगाला बगलेतलेही दिसते. पहिल्या प्रयत्नात चित्रकाराची बोटे, पिशवीचा पट्टा आणि टोपीची कड हमखास येते.

खालच्या चित्रासंबंधी एक सूचना. काठीचा ठसा पुसून जमीन बेमालूम करण्याकडे हौशी मंडळींचा कल असतो. नोंदीसाठी घेतलेल्या चित्रात त्याऐवजी तेथे शाळेतली पाटी ठेवावी आणि तीवर गाव, जागेचा क्रमांक, तारीख व उत्तर दिशेचा बाण खडूने लिहावा. चित्राची प्रत कोठेही गेली तरी ही माहिती तिच्यापासून सुटत नाही.

काही धोके स्पष्ट सांगितले पाहिजेत. विहिरीच्या काठावरून काठी आडवी पाण्यावर लांबविण्याचा मोह होतो, तो आवरावा. वजन पुढे जाते आणि माणसाचा तोल जातो. ओल्या पायऱ्यांवर एकट्याने उतरू नये. धातूची लांब काठी विजेच्या तारांखाली कधीही उभारू नये. जुन्या बारवांच्या व किल्ल्यांच्या कमानींत आग्या मोहोळ असते. वर गेलेली काठी त्याला लागली तर सर्वांनाच पळता भुई थोडी होते.

जोडणी आणि मोजणी

जोडणीचे काम संगणक बहुतांशी स्वतःच करतो. दोन चित्रांत दिसणारा एकच दगड, एकच चीर, एकच कोपरा तो हुडकतो, अशा जुळणीबिंदूंवरून प्रत्येक चित्राची दिशा व भिंगाचा वक्रपणा काढतो आणि सर्व चित्रे गोलावर बसवितो. पाने, पाणी आणि माणसे यांवर पडलेले बिंदू माणसाने तपासून काढून टाकावेत, कारण त्या वस्तू दोन चित्रांच्या मधल्या काळात हललेल्या असतात. शेवटी भिंतींच्या काही उभ्या कडा दाखवून दिल्या की सारे चित्र ओळंब्यात येते.

या चित्राचा एक गुण शिक्षकांच्या विशेष उपयोगाचा आहे. यातील प्रत्येक बिंदू म्हणजे एक कोन आहे. कॅमेऱ्याचा डोळा जमिनीपासून १.६ मीटरवर होता आणि समोरच्या भिंतीचा पाया क्षितिजरेषेच्या १० अंश खाली दिसतो, म्हणजे ८,००० बिंदूंच्या चित्रात २२२ बिंदू खाली, असे समजू. १.६ ला १० अंशांच्या टॅनने भागले की भिंत ९.०७ मीटरवर आहे हे कळते. तिचा माथा ३० अंश वर असेल तर ९.०७ गुणिले ३० अंशांचा टॅन, म्हणजे ५.२४ मीटर, त्यात १.६ मिळविले की भिंतीची उंची ६.८४ मीटर. जमीन सपाट असणे आणि काठी ओळंब्यात असणे एवढ्या दोन अटी पाळल्या तर दहावीच्या मुलांना ही उंची वर्गात बसून काढता येते व नंतर दोरी लावून पडताळताही येते. मात्र हे चित्र एका बिंदूतून पाहिलेले असते. खांबाआड जे आहे ते त्यात नाही, आणि बांधकामाचा नकाशा तयार करण्यास ते पुरेसे नाही. त्यासाठी मोजपट्टी, अनेक जागांवरून घेतलेल्या चित्रांचे मापन किंवा लेसर यंत्र हेच मार्ग आहेत.

दोन्हींचा संगम कसा उपयोगी पडतो हे पॅरिसमध्ये दिसून आले. अँड्र्यू टॅलन या अमेरिकन कला-इतिहासकाराने २०१० साली नोत्र दाम या मध्ययुगीन चर्चची लेसरने मोजणी केली आणि मोजणीच्या जागांवरूनच सर्वदर्शी चित्रेही घेतली. त्यांचा हेतू बांधकामाचा इतिहास समजून घेणे हा होता. २०१८ साली त्यांचे निधन झाले. १५ एप्रिल २०१९ रोजी चर्चचे छप्पर व मनोरा आगीत कोसळले, आणि पूर्वस्थिती दाखविणाऱ्या नोंदींत त्यांच्या मोजणीला मोठे मोल आले. डिसेंबर २०२४ मध्ये ते चर्च पुन्हा उघडले.

दोन भिंगे पाठीला पाठ लावून एकाच वेळी सारा गोल टिपणारे छोटे कॅमेरे २०१३ पासून बाजारात आहेत. ज्या ग्रामपंचायतीला रस्ता, शाळेची इमारत किंवा तलावाचा बांध यांची नियमित नोंद ठेवावयाची आहे, तिने ते घेण्यास हरकत नाही. काठी त्यांनाही लागतेच, आणि अगदी जवळची वस्तू त्यांच्या दोन भिंगांमधील जोडावरही तुटते. मंद उजेडातील झिजलेले अक्षर वाचावयाचे असेल तेथे मोठा कॅमेरा व सावकाश घेतलेली सहा चित्रेच उपयोगी पडतात.

नोंद कशी ठेवावी

जोडलेले चित्र पाहण्यासाठी असते. पुरावा म्हणून मूळ सहा चित्रेच ठेवावी लागतात. उद्या जोडणीची अधिक चांगली रीत निघाली तर मूळ चित्रांवरून काम पुन्हा करता येईल, जोडलेल्यावरून नाही. प्रत्येक जागेची नोंद वहीत करावी : कमानीच्या डाव्या खांबापासून इतके मीटर, उजव्या खांबापासून इतके, कॅमेऱ्याची उंची इतकी. अशी दोन मापे असली म्हणजे दुसऱ्या माणसालाही काठी त्याच दगडावर टेकता येते. पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळ्यानंतर एकदा त्याच पाच जागांवरून चित्रे घेतली तर सांध्यात रुजलेले पिंपळाचे रोप किती वाढले, कोणता दगड फुगून पुढे आला, पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले होते, हे दोन चित्रे शेजारी ठेवून दिसते. मूळ चित्रांचा एक संच ग्रामपंचायतीत, एक शाळेत आणि एक तालुक्याच्या ठिकाणी असावा; आणि वही, जी हमखास हरवते, तिच्या पानांचेही छायाचित्र काढून त्याच संचात ठेवावे.